दर्शनी की मुदती?

अंगारकीच्या सकाळी पालीत बल्लाळेश्वराच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक प्रश्न दिवसभर ऐकू येतो : “काका, आले का बघा.” दर्शन आटोपलेली मंडळी गाडीकडे परतताना पापड घेतात, मिरगुंडे घेतात, कोकमाच्या आगळाची बाटली घेतात, मोबाइल पुढे करतात आणि हा प्रश्न विचारतात. काकांच्या दोन्ही हातांत पिशव्या असतात, मागे आणखी चार गिऱ्हाइके उभी असतात, चालक हॉर्न वाजवत असतो. तेवढ्यात गल्ल्याशेजारचा छोटा डबा मराठीत रक्कम बोलून दाखवतो आणि रांग पुढे सरकते. डबा गप्प राहिला, तर रांग थांबते.

हे पैसे खरेच आले का, कुठे आले, त्यांतले किती आले आणि ते हातात कधी पडणार, एवढ्याच प्रश्नांभोवती या प्रकरणाचा विषय फिरतो. छोट्या दुकानदाराने पैसे घेण्यासाठी कोणत्या कंपनीशी किंवा बँकेशी गाठ बांधायची? पालीत हा निर्णय बहुधा पाच मिनिटांत होतो. कंपनीचा मुलगा दुचाकीवरून येतो, आधार आणि पॅन कार्डाचा फोटो काढतो, काचेवर चौकोन चिकटवतो आणि शेजारच्या दुकानात शिरतो. दुकानदार एकच गोष्ट विचारतो, “काही कापत नाही ना?” तो म्हणतो, “नाही काका, फुकट आहे.” दुकानाचे भाडे ठरवताना जो माणूस आठवडाभर घासाघीस करतो, तोच माणूस आपला रोजचा अर्धाअधिक गल्ला ज्या वाटेने यायचा ती वाट न पाहता ठरवून टाकतो.

खरे तर या बाबतीत मराठी व्यापाऱ्याकडे जुनी आणि नेमकी भाषा आहे. पेशवाईत पुण्याहून काशीला पैसे पाठवायचे तर कुणी थैल्या घेऊन निघत नसे. सावकाराच्या पेढीत रक्कम भरायची, हुंडी लिहून घ्यायची आणि तिकडच्या पेढीवर ती वटवायची. या कामाचा जो मोबदला सावकार घेई, त्याला हुंडणावळ म्हणत. दाखवताक्षणी पैसे देणारी ती दर्शनी हुंडी आणि ठरलेल्या दिवसांनी पैसे देणारी ती मुदती हुंडी. तिकडच्या पेढीने हुंडी मान्य केली की ती ‘सकारली’. पेढीच बुडाली असेल तर हातात कागद उरे.

म्हणजे त्या काळचा व्यापारी तीन गोष्टी पाही : हुंडणावळ किती, हुंडी दर्शनी की मुदती, आणि सकारणारी पेढी कोणती. क्यूआर कोडलाही हेच तीन प्रश्न लागू पडतात. आजचा दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, दुसरा क्वचित विचारतो आणि तिसरा विचारतच नाही. या पुस्तकाच्या मते तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

आधी तो चौकोन काय आहे ते पाहू. क्यूआर कोड जपानचा. टोयोटा समूहातल्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा या अभियंत्याने १९९४ मध्ये तो तयार केला, तोही मोटारींच्या सुट्या भागांची नोंद भराभर व्हावी म्हणून. कारखान्यात तेल सांडते, डाग पडतात. म्हणून थोडा भाग पुसला गेला तरी उरलेल्या ठिपक्यांवरून मजकूर भरून काढता येईल अशी त्याची रचना केली. सर्वांत मजबूत प्रकारात सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. कोकणातल्या पावसात भिजलेला, उदबत्तीच्या धुराने पिवळा पडलेला कागद अजून कसा चालतो, याचे उत्तर त्या कारखान्यात आहे.

चौकोनात पैसे नसतात, दुकानदाराचा पत्ता असतो. गिऱ्हाइकाने पिन टाकला की संदेश त्याच्या ॲपमधून, ॲप ज्या बँकेशी जोडलेले आहे तिच्यामार्फत, नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या यंत्रणेत जातो, ती गिऱ्हाइकाच्या बँकेतून रक्कम वळती करून दुकानदाराच्या बँकेकडे पोहोचवते आणि जमा झाल्याची पावती उलट वाटेने परत येते. हे सगळे काही सेकंदांत घडते. २००८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे मुख्यालय मुंबईत आहे आणि यूपीआय ही तिचीच व्यवस्था. ११ एप्रिल २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते ती सुरू झाली. सात महिन्यांनी, ८ नोव्हेंबरला नोटाबंदी आली आणि ज्यांनी कधी कार्डही वापरले नव्हते, त्यांच्या टपऱ्यांवर मोबाइलने पैसे देण्याची भाषा सुरू झाली. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवर २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले.

नोटाबंदीनंतरच्या दिवसांतली महाराष्ट्रातली एक गोष्ट इथे आठवण्यासारखी आहे. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातले धसई हे बाजाराचे गाव डिसेंबर २०१६ च्या सुरुवातीला राज्यातले पहिले ‘कॅशलेस’ गाव म्हणून जाहीर झाले. बँक ऑफ बडोदाने दुकानदारांना कार्ड घासण्याची यंत्रे दिली, मंत्री आले, वडापाववाल्याच्या गाडीवरचे यंत्र दूरचित्रवाणीवर दिसले. पुढे तिथेच रोखीचा व्यवहार पुन्हा वाढल्याच्या बातम्या आल्या. पंधरा रुपयांच्या खरेदीला कार्ड काढणे, यंत्राला रेंज मिळणे, पिन, पावती ही सगळी खटपट त्या व्यवहाराला पेलणारी नव्हती. कार्डाचे यंत्र जे करू शकले नाही, ते पुढे कागदाच्या चौकोनाने केले, कारण त्याला वीज लागत नव्हती आणि दुकानदाराकडून काही कापले जात नव्हते.

आता हुंडणावळ. कार्डाच्या व्यवहारात दुकानदाराकडून कापल्या जाणाऱ्या रकमेला एमडीआर म्हणतात. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून डेबिट कार्डासाठी तिची कमाल मर्यादा ठरवली : वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या व्यापाऱ्याला कार्डाच्या यंत्रावर ०.४० टक्के, त्याहून मोठ्याला ०.९० टक्के. पुढे १ जानेवारी २०२० पासून केंद्र सरकारने रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय या दोहोंवरचा एमडीआर शून्य केला. व्हिसा आणि मास्टरकार्डला हा नियम लागू नाही. क्रेडिट कार्डाला तर वरची मर्यादाच नाही. तिथे दोन टक्क्यांच्या आसपासचा दर नेहमीचा.

हे शून्य किती मोठे आहे, ते कोकणातल्या जुन्या माणसाला सांगावे लागत नाही. मुंबईच्या गिरणीतला चाकरमानी गावी मनीऑर्डर पाठवी तेव्हा पोस्ट दर वीस रुपयांमागे एक रुपया घेई. म्हणजे पाच टक्के. अमेरिकेत आजही छोटा व्यापारी कार्डावर अडीच टक्क्यांहून अधिक देतो, आणि काही वर्षांपूर्वी त्याला तेही सहज मिळत नव्हते. सेंट लुईस शहरात काचेच्या वस्तू घडवणाऱ्या जिम मॅकेल्व्ही या कलावंताकडे गिऱ्हाइकाचे कार्ड स्वीकारण्याची सोय नव्हती म्हणून एक मोठी विक्री हातची गेली. त्या चुटपुटीतून त्याने जॅक डॉर्सी या मित्राबरोबर २००९ मध्ये ‘स्क्वेअर’ ही कंपनी काढली. मोबाइलला लावायचा एवढासा चौकोनी तुकडा आणि त्यावर घासलेले कार्ड, यातून अमेरिकेतल्या फेरीवाल्यांपर्यंत कार्ड पोहोचले. दर मात्र टक्क्यांतच राहिला. पालीच्या पापडवालीला जे फुकट मिळते, ते जगात फार थोड्या ठिकाणी फुकट आहे.

पण यंत्रणा चालवायला खर्च येतो आणि तो कुणीतरी भरतो. काही वाटा सरकार उचलते. मार्च २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने २०२४-२५ या वर्षासाठी सुमारे १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. छोट्या व्यापाऱ्याकडे झालेल्या २,००० रुपयांपर्यंतच्या यूपीआय व्यवहारावर बँका आणि कंपन्यांना ०.१५ टक्के मिळतील अशी तिची रचना होती. बाकीची कमाई कंपन्या दुकानदाराकडूनच करतात, दुसऱ्या दाराने. पहिले दार बोलणाऱ्या डब्याचे भाडे, महिन्याला साधारण शंभराच्या घरात. दुसरे दार कर्ज.

हे दुसरे दार नीट पाहायला हवे. दुकानात रोज किती पैसे येतात ते कंपनीला दिसते, म्हणून ती स्वतःहून कर्ज देऊ करते. कागदपत्रे नाहीत, हेलपाटे नाहीत. फेड मात्र रोजच्या जमेतून कापून घेतली जाते. माघी उत्सवात किंवा मे महिन्यात हा हप्ता जाणवत नाही. जुलैत, पावसाने पर्यटक घटले आणि दिवसाची विक्री चौथ्या हिश्श्यावर आली की तोच हप्ता भांडवलात तोंड घालतो. पालीचा धंदा चतुर्थ्या, सुट्या आणि शनिवार-रविवारवर चालतो. सपाट, रोजच्या मापाचा हप्ता अशा धंद्याला मानवत नाही. ज्याला कर्ज हवेच आहे, त्याने कापणी विक्रीच्या टक्केवारीने होणार की ठरावीक रकमेने, हे सही करण्याआधी लेखी विचारावे.

‘फुकट’ या शब्दालाही एक कुंपण आहे. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते. गिऱ्हाईक तोच चौकोन टिपते, पण पैसे खात्याऐवजी क्रेडिट कार्डातून येतात. छोट्या व्यापाऱ्याला २,००० रुपयांपर्यंत याचे काही लागत नाही, त्यावर लागते. पापडाच्या दुकानाला याने फरक पडत नाही. लॉज चालवणाऱ्याला, आंब्याच्या पेट्या विकणाऱ्याला पडतो. त्याने महिन्याचे विवरणपत्र उघडून २,००० वरच्या रकमांपुढे किती कापले गेले, ते एकदा बोट ठेवून वाचावे.

दुसरा प्रश्न, दर्शनी की मुदती. इथे दोन सारखे दिसणारे चौकोन वेगळे निघतात. बँकेने थेट खात्याला जोडून दिलेल्या क्यूआरवर पैसे बहुधा त्याच क्षणी खात्यात पडतात. ही दर्शनी हुंडी. अनेक कंपन्यांच्या क्यूआरवर मात्र दिवसभराची रक्कम आधी कंपनीकडे जमा दिसते आणि रात्री किंवा दुसऱ्या दिवशी एकगठ्ठा दुकानदाराच्या बँकेत येते. डबा “दोनशे रुपये मिळाले” म्हणतो तेव्हा ते खात्यात असतातच असे नाही. ही मुदती. सकाळी माल आणणाऱ्या टेम्पोवाल्याला संध्याकाळी पैसे द्यायचे असतील, तर एका रात्रीचा हा फरक उधारी वाढवतो.

मुदतीचा त्रास रोजमेळातही होतो. वेगवेगळ्या चाळीस रकमा दुसऱ्या दिवशी एका ओळीत आल्या की कुठली कुणाची ते जुळवणे कठीण. जुन्या दुकानदाराच्या घरी रात्री दिवा मालवण्याआधी रोजमेळ जुळलाच पाहिजे असा दंडक असे. तो दंडक आज अधिक गरजेचा आहे, कारण नोट खोटी असेल तर हाताला कळते, मोबाइलवरचे खोटे चित्र हाताला कळत नाही. पैसे पाठवल्याचा बनावट पडदा दाखवून निघून जाण्याचे प्रकार गर्दीच्या ठिकाणी होतात. बोलणाऱ्या डब्याचा खरा उपयोग इथे आहे. त्यात स्वतःचे सिमकार्ड असते, तो गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर विसंबत नाही, आणि हात पिठाने माखलेले असतानाही त्याचे ऐकू येते. ज्या दुकानात रांग लागते तिथे महिन्याचे शंभर रुपये वसूल होतात. दिवसाला आठ-दहा गिऱ्हाइके येणाऱ्या दुकानाला बँकेचा संदेश पुरतो.

गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे गेले आणि दुकानात आलेच नाहीत, असेही घडते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयवरून दुकानात अडकलेली रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत मिळायला हवी. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. ही गोष्ट दुकानदाराला ठाऊक असली, तर “माझे पैसे कापले गेलेत, आता माल द्या” म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाशी भांडण होत नाही. त्याला शांतपणे सांगता येते की, दादा, ते परत येतील, तोवर रोख द्या.

आता तिसरा प्रश्न : पेढी कोणती?

पालीच्या रायगड जिल्ह्याला हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज पडू नये. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि जिल्ह्यातल्या हजारो लहान ठेवीदारांचे पैसे अडकले. भाजीवाल्या, निवृत्त शिक्षक, मीठ आणि गणेशमूर्तींच्या धंद्यातली माणसे वर्षानुवर्षे मोर्चे आणि कोर्टकचेऱ्या करत राहिली. तेव्हा ठेवविम्याचे संरक्षण एक लाखाचे होते. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते पाच लाखांचे झाले. बँक म्हटली की पैसे सुरक्षित, हा समज इथे एका पिढीने मोठी किंमत देऊन सोडला.

क्यूआर कोडच्या दुनियेत हीच गोष्ट दोनदा घडली, वेगळ्या रूपात. ५ मार्च २०२० च्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध घातले आणि खात्यातून जास्तीत जास्त ५०,००० रुपये काढता येतील असे जाहीर केले. त्या रात्री देशभर फोनपे बंद पडले. ज्या गिऱ्हाइकांचे खाते स्टेट बँकेत होते आणि ज्या दुकानदारांचे महाराष्ट्र बँकेत, त्यांचेही व्यवहार अडले. कारण एकच. फोनपेचे यूपीआय व्यवहार तोवर येस बँकेच्या वाटेने जात होते. वाट बंद झाली, तेव्हा दोन्ही टोकांची घरे शाबूत असून उपयोग नव्हता. कंपनीने घाईने आयसीआयसीआय बँकेशी जोडणी केली आणि सेवा परत सुरू झाली. आज फोनपेच्या यूपीआय पत्त्यात अ‍ॅट या खुणेनंतर कुठे वाय-बी-एल, कुठे आय-बी-एल, कुठे ए-एक्स-एल ही अक्षरे दिसतात. येस, आयसीआयसीआय आणि ॲक्सिस या तीन बँकांच्या त्या खुणा.

दुसरा प्रसंग चार वर्षांनी आला. ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेला २९ फेब्रुवारीनंतर नव्या ठेवी घ्यायला मनाई केली. नंतर ही मुदत १५ मार्चपर्यंत वाढवली. बाजारात बातमी पसरली ती “पेटीएम बंद होणार” अशी. प्रत्यक्षात नियम बारीक होता. ज्या दुकानदाराचा क्यूआर, डबा किंवा कार्डाचे यंत्र दुसऱ्या बँकेतल्या खात्याला जोडलेले होते, त्याचे काम १५ मार्चनंतरही चालू राहणार होते. ज्याचे पैसे पेटीएम पेमेंट्स बँकेच्याच खात्यात किंवा वॉलेटमध्ये येत होते, त्याला खाते बदलणे भाग होते. १४ मार्चला पेटीएमच्या ॲपला ॲक्सिस, एचडीएफसी, स्टेट बँक आणि येस बँक यांच्यामार्फत यूपीआय चालवण्याची परवानगी मिळाली.

काचेवर एकाच निळ्या रंगाचे चौकोन लावलेल्या दोन शेजाऱ्यांपैकी एकाला काहीच करावे लागले नाही आणि दुसऱ्याची धावपळ झाली, ती केवळ मागे कोणते खाते जोडले आहे यावरून. कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत छापलेले असते. खाते कोणत्या बँकेत आहे हे कुठेच छापलेले नसते.

यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. गर्दीवर जगणाऱ्या गावातल्या दुकानाने एका वाटेवर राहू नये. दोन चौकोन हवेत आणि ते दोन वेगळ्या बँकांचे हवेत. दोन कंपन्यांचे दोन चौकोन एकाच खात्यात जात असतील तर त्यांना निम्मेच दोन म्हणावे लागेल : एका ॲपची वाट अडली तर ते उपयोगी पडतात, खातेच अडले तर दोन्ही बसतात. खाते अडण्याला बँक बुडावीच लागते असे नाही. फसवणुकीतून लुबाडलेल्या पैशांतली काही रक्कम कुणी दुकानात खर्च केली आणि मूळ तक्रारदाराने १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली, तर तपासात त्या वाटेवरच्या खात्यांवर टाच येऊ शकते. दोनशे रुपयांचे पापड विकणाऱ्याचे सगळे खाते त्यामुळे गोठल्याची उदाहरणे देशात अनेक आहेत. म्हणून घरची शिल्लक आणि दुकानाची जमा एका खात्यात ठेवू नये. दुकानासाठी चालू खाते काढावे, त्यातली रक्कम दर आठवड्याला काढून घ्यावी आणि मोठ्या विक्रीचे बिल जपावे. खाते सोडवताना तेच कामी येते.

आणि गल्ल्यात सुटे पैसे हवेतच. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ या दिवशी देशभर यूपीआय काही तास अडखळले. अंबा नदीला पूर आला, वीज गेली, टॉवर गप्प झाला की पालीत तसा दिवस केव्हाही येऊ शकतो.

मोठी दुकाने, लॉज आणि टपालाने माल पाठवणारे यांची गोष्ट थोडी वेगळी. पुण्याची एखादी बाई दर्शनाला येऊन गेल्यावर फोन करते, “ताई, मागच्या वेळेसारखी मिरगुंडे पाठवा.” तिला क्यूआरचा फोटो पाठवला तरी काम होते आणि काही कापले जात नाही. महिन्याला अशा पंधरावीस मागण्या असतील, तर संकेतस्थळ आणि पेमेंट गेटवे यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. दोन टक्के दर धरला तर २,५०० रुपयांच्या मागणीवर ५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे नऊ, असे ५९ रुपये जातात. पापडाच्या धंद्यातला नफा पाहता ही रक्कम लहान नाही. मागण्या शेकड्यांत गेल्या, पैसे कुणाचे आले हे फोटोंवरून जुळवणे अशक्य झाले, की मग गेटवेचे ५९ रुपये हिशेबनिसाच्या पगारापेक्षा स्वस्त पडतात. त्या टप्प्यापर्यंत थांबावे.

तेव्हाही निवडताना कंपनी रिझर्व्ह बँकेच्या परवानाधारकांच्या यादीत आहे का, हे आधी पाहावे. अशा कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० रोजी नियम केले : अर्ज करताना १५ कोटींचे निव्वळ मूल्य, पुढे २५ कोटी, आणि व्यापाऱ्यांचे पैसे कंपनीच्या स्वतःच्या पैशांत न मिसळता बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात. डिसेंबर २०२२ मध्ये रेझरपे आणि कॅशफ्री या मोठ्या कंपन्यांना नवे व्यापारी घेणे थांबवावे लागले होते. परवाना मिळाल्यावर, वर्षभराने, ते पुन्हा सुरू झाले. जुन्या व्यापाऱ्यांचे काम त्या काळात चालू होते. नव्याने दुकान मांडणाऱ्याला मात्र दुसरे दार ठोठावावे लागले.

राहिली ती कराची भीती. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात वाणिज्य कर खात्याने यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा पाठवल्या आणि बेंगळुरूच्या टपऱ्यांवर “यूपीआय नाही, फक्त रोख” अशा पाट्या लागल्या. त्या बातम्या कोकणातही पोहोचल्या. भीती समजण्यासारखी आहे, पण चौकोन काढून टाकणे हा उपाय नव्हे. मालाच्या विक्रीसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांची, सेवांसाठी २० लाखांची, आणि ती रोख धरून मोजली जाते. पापडावर तर जीएसटी नाहीच. उलट आयकरात यूपीआयचा फायदा आहे. तिथे छोट्या व्यापाऱ्याला हिशेबाची वही न दाखवता उलाढालीच्या आठ टक्के नफा धरून कर भरता येतो. बँकेमार्फत आलेल्या रकमेवर मात्र सहाच टक्के. २० लाखांची विक्री सगळी रोखीत असेल तर नफा १,६०,००० धरला जातो, सगळी यूपीआयवर असेल तर १,२०,०००. चाळीस हजारांचा हा फरक पालीतल्या किती दुकानदारांना त्यांच्या कर सल्लागाराने सांगितला आहे, हे ज्याने त्याने विचारून घ्यावे.

गणेशपुराणातल्या कथेत पल्ली गावच्या कल्याण नावाच्या व्यापाऱ्याचा मुलगा बल्लाळ याच्या भक्तीने देव इथे राहिला. व्यापाऱ्याच्या घरातून सुरू झालेल्या या तीर्थाचा बाजार आजही छोट्या दुकानदारांचा आहे. पापड लाटणाऱ्या, हार गुंफणाऱ्या, नारळ विकणाऱ्या या बायाबापड्यांकडे कंपनीशी वाद घालायला वेळ नसतो आणि वकीलही नसतो. त्यांच्यासाठी सर्वांत चांगली निवड तीच, जिच्यात अडले तर तालुक्यातल्या शाखेत जाऊन समोरच्या माणसाला विचारता येते. मदत क्रमांकावरच्या यंत्राला “एक दाबा, दोन दाबा” करत बसण्यापेक्षा ओळखीच्या बँकेचा साधा, थेट खात्याचा क्यूआर पहिला ठेवावा, कंपनीचा दुसरा. बँकेने किंवा कंपनीने तीस दिवसांत तक्रार सोडवली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. १२ नोव्हेंबर २०२१ पासून त्यासाठी देशभर एकच योजना आहे.

तेव्हा पुढच्या चतुर्थीची गर्दी येण्याआधी एक काम करावे. सकाळी दुकान उघडताना स्वतःच्याच दुसऱ्या मोबाइलवरून काचेवरच्या प्रत्येक चौकोनावर एक-एक रुपया पाठवावा. पडद्यावर नाव कुणाचे दिसते ते वाचावे, कारण रात्रीतून आपल्या चौकोनावर दुसऱ्याचा कागद चिकटवून जाणारेही असतात. मग बँकेचे संदेश आणि खात्याचा उतारा उघडावा आणि तो रुपया कोणत्या खात्यात, किती वाजता आणि पुरा आला का, ते पाहावे.